पुढचा ब्रेक बेवारस आहे

सायकलचा पुढचा ब्रेक कोणत्या हातात असावा, यावर जगात दोन पक्ष आहेत. इंग्रज म्हणतो उजव्या, अमेरिकन म्हणतो डाव्या. आळेफाट्याचा पक्ष तिसरा आहे. आमच्याकडे पुढचा ब्रेक असतो, दसऱ्याला तो पुसतात, त्याला झेंडूचं फूलही अडकवतात. दाबत मात्र नाहीत.

आता ब्रेकसारख्या विषयावर आळेफाट्याने तोंड का उघडावं, असं कोणी विचारेल. माझं म्हणणं, आम्ही नाही तर कोणी? आळे हे गाव जुनं. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी तिथे आहे. (यमाचा रेडा मात्र अजून नोकरीत असून त्याची नेमणूक हायवेवर आहे.) फाटा त्या मानाने कालचा आणि तो निव्वळ थांबण्यासाठीच जन्माला आला. पुण्याहून नाशिकला जाणारा रस्ता आणि कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. नगरचं आता अहिल्यानगर झालं आहे, पण जीपवाले अजून ‘नगर, नगर, नगर’ असंच ओरडतात. ओतूरचा कांदा, मुंबईला निघालेला टोमॅटो, लेण्याद्री-ओझर उरकून आलेले अष्टविनायकवाले, सगळे इथे थांबतात. कोणाला चहा हवा असतो, कोणाला गाडी बदलायची असते, कोणाला दोन्ही झाल्यावर आपण निघालो कुठे होतो ते आठवायचं असतं. आजूबाजूच्या मळ्यांतली माणसं तर कुठेच जायचं नसताना इथे येऊन थांबतात. तेव्हा थांबणे या विषयातला आमचा अधिकार कोणी नाकारू नये.

सायकली आता कमी झाल्या, पण संपलेल्या नाहीत. सकाळी हँडलला दोन्ही बाजूंनी किटल्या अडकवून डेअरीकडे निघालेला गवळी दिसतो. वडगाव आनंदहून, पिंपळवंडीच्या मळ्यांतून शाळेत येणाऱ्या मुली दिसतात. कांद्याच्या मार्केटात हमालीला जाणारे दिसतात. शिवाय एखादे माळकरी आजोबा असतातच; ते सायकलवर बसलेले असले तरी कोणत्याही क्षणी उतरायच्या बेतात असतात. या सर्वांच्या हातांकडे मी वर्षानुवर्षं बघत आलो आहे. टपरीवर बसलेल्या माणसाला चहा संपल्यानंतर दुसरं करण्यासारखं फारसं नसतं.

आपल्या सायकलीला पुढचा ब्रेक उजव्या हातात आणि मागचा डाव्या. ही वाटणी इंग्रजांची. तिच्यामागचं कारण असं सांगतात, की डाव्या बाजूने वाहनं चालवणाऱ्या देशात सायकलवाल्याचा उजवा हात रस्त्याच्या मध्याकडे असतो. वळायचा इशारा त्या हाताने करायचा. तो हात हवेत असताना हँडलवर उरतो डावा, आणि त्याच्याकडे मागचा, म्हणजे गरीब स्वभावाचा ब्रेक असलेला बरा. अमेरिकेत वाहनं उजव्या बाजूने, इशारा डाव्या हाताने, म्हणून तिथे सगळं उलट. तत्त्व दोन्हीकडे एकच. जो हात जागेवर राहील त्याच्या हवाली मऊ ब्रेक करायचा, आणि जो भटकतो त्याला कडक ब्रेक द्यायचा. हे कळल्यावर मला इंग्रजांविषयी पहिल्यांदाच आपुलकी वाटली. पुढच्या ब्रेकवर त्यांचाही पुरता भरवसा नव्हता तर!

आपल्याकडे मोटारीच्या लायसनसाठी हाताचे इशारे पाठ करावे लागतात, तेही सगळे उजव्या हाताचे. उजवीकडे वळायचं तर उजवा हात बाहेर आडवा धरायचा. डावीकडे वळायचं तरी उजवाच हात बाहेर काढून गोल फिरवायचा. वेग कमी करायचा तर तोच हात खालीवर हलवायचा. सरकारने डाव्या हाताला काही म्हणजे काही दिलेलं नाही. हे इशारे लायसन मिळेल त्या दिवशी विसरायचे असतात, पण सायकलवरच्या उजव्या हाताला त्याने विश्रांती मिळाली असं समजू नका. समोरून ओळखीचा माणूस आला की राम राम घालायचा, तो उजव्याने. डाव्याने घातला तर संध्याकाळपर्यंत घरी चौकशी येते की मालकांची तब्येत बरी आहे ना. ट्रक अंगावरून गेला की टोपी धरायची, उजव्याने. एसटीच्या ड्रायव्हरला ‘काढ पुढं’ म्हणायचं, उजव्याने. दांड्यावर बसून पेंगणाऱ्या नातवाची मान सरळ करायची, उजव्याने. सप्त्याच्या मांडवातून कोणी धावत येऊन चालत्या सायकलवर प्रसाद हातावर ठेवला तर तो काय डाव्या हातात घेणार? मोबाइल मान आणि खांदा यांच्यात धरता येतो, हे खरं. पण पलीकडून कांद्याचा भाव ऐकू आल्यावर जो हात आपोआप हवेत जातो तो उजवाच. तंबाखू मळायला तर दोन्ही हात लागतात, तेवढा वेळ सायकल कुलदैवताच्या स्वाधीन असते.

असा हा हात दिवसभर समाजकार्यात. त्याच्याकडे पुढच्या ब्रेकचा कारभार सोपवणाऱ्या इंग्रजाने आमच्या फाट्यावर एक सकाळ काढली असती, तर निर्णय फिरवला असता.

तरी हा हात रिकामा असला म्हणजे पुढचा ब्रेक दाबतो, असंही नाही. मूळ दुखणं वेगळंच आहे. कालव्याच्या भरावावर पोरगं दांड्याखालून पाय घालून हाफ पेडल मारत असतं. त्याचा काका मागून सीट धरून पळत असतो. दम लागला की काका सीट सोडतो आणि सोडता सोडता ओरडतो, “पुढचा ब्रेक दाबू नको रे, तोंडावर पडशील!” तोल कसा सांभाळायचा, समोर कुठे बघायचं, यातलं काही तो सांगत नाही. एवढंच सांगतो. पोरगं मोठं होतं, फुल पेडल मारतं, मोटारसायकल घेतं, त्याला पोरं होतात, आणि एक दिवस त्याच भरावावरून तेच वाक्य त्याच सुरात ऐकू येतं.

या भीतीचा माग काढला तर तो निघतो इंग्लंडात. १८७० च्या दशकात तिकडे ती उंच सायकल होती, पुढे छातीपर्यंत येणारं चाक आणि मागे एक शोभेचं. बसायचं जवळजवळ पुढच्या चाकाच्या माथ्यावर. ब्रेक म्हणजे पुढच्या टायरवर दाबला जाणारा एक लोखंडी चमचा. तो जोरात दाबला की चाक थांबायचं, पण स्वार थांबायचा नाही. तो हँडलवरून पुढे जायचा आणि डोक्यावर उतरायचा. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ नावाची, जवळपास सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला चेन जोडलेली सायकल काढली. स्वार दोन चाकांच्या मधोमध आला, खाली आला, आणि उलटण्याचं भय बरंच ओसरलं. आपल्या बापजाद्यांनी चालवली ती या घराण्यातली. उंच सायकल तिकडेच म्युझियमात गेली. तिची भीती मात्र बोटीत बसून मुंबईला उतरली आणि माळशेज चढून आमच्या कालव्यापर्यंत पोचली.

विज्ञान पुढच्या ब्रेकच्या बाजूचं आहे. एसटीत उभ्याने प्रवास केलेल्या कोणालाही ते शिकवावं लागत नाही. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की मागची सगळी मंडळी त्याच्या केबिनकडे येतात. सायकलवरही वजन असंच पुढे सरकतं. मागचं चाक हलकं पडतं, त्याची रस्त्यावरची पकड जाते आणि ते नुसतं घासत राहतं. पुढच्या चाकावर वजन येतं, त्याची पकड वाढते. ताशी २० किलोमीटरने चाललेली सायकल कोरड्या डांबरी रस्त्यावर नुसत्या मागच्या ब्रेकने थांबवली, तर ब्रेक लागल्यापासून साधारण ६ मीटर जाते. पुढचा ब्रेक नीट वापरला तर निम्म्यात काम होतं. उरलेले ३ मीटर कागदावर किरकोळ वाटतात. फाट्याच्या चौकात ३ मीटरमध्ये पेरूची एक हातगाडी, तिच्यापाशी घासाघीस करणाऱ्या दोन बायका आणि काळी-पिवळी जीपच्या मागे लोंबकळणारा एक पाहुणा एवढा ऐवज मावतो.

अर्थात पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नसतो. दाब वाढवत न्यायचा, हात ताठ ठेवून बूड मागे सरकवायचं, आणि खडीवर, चिखलात, वळणावर त्याच्या वाटेला जपून जायचं. म्हणजे काका अगदीच खोटं बोलत नव्हता. कालव्याच्या मुरमाड भरावापुरतं ते खरं होतं. त्याने ते अख्ख्या महाराष्ट्राला लागू केलं, एवढीच तक्रार.

आणि ज्याने उभ्या जन्मात पुढच्या ब्रेकला बोट लावलं नाही, त्या पोराच्या सायकलचे ब्रेक रबर झिजून संपले की तो काय करतो? पाय पेडलवरून उचलतो आणि स्लिपरचा तळ चिमट्याच्या मागून पुढच्या टायरवर दाबतो. उतारावर, एका पायाने, डबलसीट असताना! हा पुढचाच ब्रेक झाला की नाही? हाताने दाबला तर तोंडावर पडतो आणि पायाने दाबला तर कसब, असा आमचा शास्त्रार्थ आहे. त्याच्या आईला मात्र प्रश्न पडतो की याच्या एकाच पायाची स्लिपर दर महिन्याला का फाटते.

पूर्वी डाव्या-उजव्याचा वाद उपस्थितच होत नसे. काळ्या, जड, बावीस-चोवीस इंची सायकलींना रॉड ब्रेक असायचे. उजवी दांडी दाबली की एक सळई सरळ वर खेचली जाऊन पुढच्या रिमला आतून रबर भिडवायची. डाव्या दांडीची सळई कोपऱ्याकोपऱ्यावर वळत, फ्रेमच्या कडेकडेने मागच्या चाकापर्यंत जायची. सगळं लोखंडात ठरलेलं. अदलाबदल करायची तर सायकलपेक्षा लोहार महाग पडला असता. शिवाय पावसाळ्यात दोन्ही ब्रेक सारखेच निरुपयोगी. स्टीलची रिम ओली झाली की रबर तिच्यावरून नुसतं फिरतं. ओतूरच्या बाजूला श्रावणात ब्रेक दाबला तर सायकल थांबायच्या आधी सर थांबते. वायरचे ब्रेक आले आणि सगळं बदललं. वायर कुठूनही कुठेही नेता येते. मनुष्याला निवड करण्याची सोय झाली की भांडणाचीही होते.

ते भांडण मागच्या दिवाळीत फाट्यावर झालं.

गावचा एक मुलगा अमेरिकेत असतो. सुट्टीला येताना त्याने आपली सायकल खोक्यात घालून विमानातून आणली, माळशेज गाठायचा म्हणून. चाकात हवा कमी वाटली, तेव्हा तो फाट्यावर सायकली दुरुस्त करणाऱ्या मिस्त्र्यांकडे आला. मिस्त्र्यांनी हवा भरली, पाना फिरवून सीट हलवून पाहिली, आणि मग दोन्ही ब्रेक एकेक करून दाबले. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

“जोडणाऱ्यानं घोळ घातलाय. डावा दाबला की पुढं लागतोय.”

मुलगा फोनवर होता. त्याने मान हलवली. कशाला हलवली ते त्यालाही माहीत नव्हतं. तो बोलत बोलत चहाला गेला तेवढ्यात मिस्त्र्यांनी पक्कड घेतली, दोन्ही वायरी सोडवल्या आणि इकडची तिकडे केली. अमेरिकेच्या सरकारने १९७० च्या दशकात नियम करून ठेवला आहे की मागचा ब्रेक उजव्या मुठीला आणि पुढचा डाव्या मुठीला असला पाहिजे, आणि गिऱ्हाइकाने स्वतः सांगितलं तरच तो उलटा जोडावा. तो नियम आमच्या मिस्त्र्यांनी अर्धा कप चहा होईपर्यंत रद्द केला.

“किती झाले काका?”

“हवेचे दहा दे. ब्रेकचे राहू दे, तुझ्या आज्याची सायकल माझ्याकडंच यायची.”

कोणते ब्रेक, हे विचारायच्या आत मुलगा निघाला होता. चौकात एका टेंपोने त्याच्यासमोर अचानक कांदा उतरवायचा विचार केला. पोराने सवयीने डावी दांडी दाबली. मागचं चाक किंचाळत आडवं झालं, सायकल फरफटत गेली आणि टेंपोच्या फळीला टेकून थांबली. लागलं कोणालाच नाही. पोरगा पांढराफटक होऊन सायकल हाताने ढकलत परत आला.

“काका, तुम्ही ब्रेक बदलले?”

“बदलले म्हणून तर वाचलास!” मिस्त्री म्हणाले. “पहिल्यासारखे असते तर पुढचा दाबला असतास आणि तोंडावर पडला असतास.”

या युक्तिवादाला उत्तर असतं तर ते त्या पोराने तिथल्या तिथे दिलं असतं. तो नुसता ‘पण’ म्हणाला आणि थांबला. तोपर्यंत दहा-बारा माणसं जमली होती. फाट्यावर दहा-बारा माणसं जमायला कारण लागत नाही, इथे तर होतं.

निवृत्त गुरुजींनी सभेचा ताबा घेतला. त्यांचं म्हणणं, पुढचा ब्रेक महत्त्वाचा, म्हणून तो बळकट हातात हवा, आणि बळकट हात उजवा. त्यावर बँकेतले दाजी म्हणाले, “गुरुजी, म्हणूनच तो डाव्यात पाहिजे. उजव्याला ताकद जास्त, तो घाबरून आवळणार. डावा जरा सबुरीनं घेतो.” हमालांपैकी एक जण डावखुरा निघाला. त्याने विचारलं की मग मी काय करायचं. या प्रश्नाने सभेत शांतता पसरली, कारण डावखुऱ्या माणसाला काय करायचं हे आपल्याकडे लहानपणी पंगतीत एकदाच सांगितलेलं असतं. लष्करातून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असायचा, आम्ही तीसुद्धा चालवली, कोणी मेलं नाही. बैलगाडा मालकांनी तर विषयच उडवून लावला. “आमच्या गाड्याला बिरेकच न्हाई. गाडीवानबी न्हाई. घोडी पुढं, बैलं मागं, सुटलं की सुटलं.”

हे मात्र विचार करण्यासारखं होतं. जुन्नर, आंबेगाव, खेडकडच्या शर्यती चढावर होतात, त्या धावपट्टीलाच घाट म्हणतात. थांबवण्याचं काम पूर्वजांनी बैलांकडे, माणसाकडे किंवा सुताराकडे न देता जमिनीकडे सोपवलं. या गाड्याला ब्रेक लागला तो थेट दिल्लीहून. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दाबला आणि डिसेंबर २०२१ मध्ये सैल केला. तो कोणत्या हाताने दाबला होता, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.

माळकरी आजोबा इतका वेळ ऐकत उभे होते. ते एवढंच म्हणाले, “चौक आला की उतरायचं आणि चालायला लागायचं. बिरेक कशापायी पाहिजे?” त्यांच्यावर कोणी बोललं नाही. त्यांची पद्धत आजवर एकदाही फसलेली नाही.

पोरगा बिचारा सांगत होता की तिकडे कायदाच आहे. गुरुजींना वाटलं, जगात कुठेतरी याचा एकच निकाल लागलेला असणार. निकाल लागलेला आहे, पण तो ऐकून गुरुजींचं समाधान झालं नसतं. ब्रिटनच्या २०१० च्या नियमात नव्या सायकलीचा पुढचा ब्रेक उजव्या मुठीला. अमेरिकेच्या नियमात डाव्या. जपान आणि ऑस्ट्रेलिया आपल्यासारखे उजवे, युरोपातले बरेचसे देश डावे. मग सगळ्या जगासाठी मानकं ठरवणारी जी संस्था जिनिव्हाला आहे, तिने सायकलसाठी ४२१० क्रमांकाचं मानक केलं. त्यात ब्रेक किती जोर लावल्यावर किती अंतरात लागला पाहिजे, दांडी बोटांपासून किती लांब असावी, सगळं मिलिमीटरमध्ये आहे. आणि पुढचा ब्रेक कोणत्या हातात, तिथे आल्यावर मुलीच्या बापाने व्याह्यांना विचारावं तसं विचारून टाकलं आहे : तुमच्याकडे काय पद्धत आहे? ज्या देशात सायकल विकायची तिथला कायदा किंवा तिथला रिवाज असेल तसं करावं, असा तो ठराव. मोठमोठ्या इंजिनिअरांनी बसून शेवटी रिवाजापुढे हात टेकले, हे मला फार आवडलं.

मोटारसायकलवाल्यांनी हा प्रश्न कधीच सोडवून टाकला आहे. त्यांचा पुढचा ब्रेक जगभर उजव्या हातात, कारण डाव्या हातात क्लच. त्यामुळे अमेरिकन माणसाची पंचाईत होते. सायकलवर बसला की पुढचा ब्रेक डावीकडे, मोटारसायकलवर बसला की उजवीकडे. आपल्याला तो घोळ नाही. आपल्या सायकलला उजवीकडे, लुनाला उजवीकडे, स्कूटरला उजवीकडे, मोटारसायकललाही उजवीकडे. इतकी सुसंगती क्वचित कुठे मिळेल, आणि आपण तिच्याकडे सगळीकडे सारख्याच निष्ठेने दुर्लक्ष करतो. मोटारसायकलवरचा माणूस उजवा पाय दाबतो, स्कूटरवरचा डावा हात दाबतो. काकाचा आवाज पेट्रोलवरही चालतो.

सरकारने हे ओळखलं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या प्रत्येक नव्या दुचाकीला कॉम्बी ब्रेक बंधनकारक झाला, त्यावरच्या गाड्यांना एबीएस. कॉम्बी म्हणजे एक ब्रेक दाबला की थोडा दुसराही आपोआप लागतो. स्कूटरवर तुम्ही नेहमीप्रमाणे फक्त डावी दांडी दाबा, गाडी गुपचूप पुढचाही लावते. मला तरी या नियमात तंत्रज्ञानापेक्षा समाजशास्त्र जास्त दिसतं. जनतेला पुढचा ब्रेक शिकवत बसण्यापेक्षा तिच्या नकळत लावून द्यावा, हे ज्याला सुचलं त्याने नक्की कुठल्यातरी फाट्यावर दिवस काढले असणार.

माझं मत कोणी विचारलं नाही, पण विनोदी लेखकाला त्याची वाट बघता येत नाही. पुढचा ब्रेक आपल्याकडे उजव्याच हातात राहावा. बळकट हात, भटका हात, हे सगळं बाजूला ठेवा. आजची मुलगी सातवीत सायकल चालवते आणि अठराव्या वर्षी स्कूटर. चौकात समोर टेंपो आला की विचार करायला वेळ नसतो, बोटं जे शिकलेली असतात ते करतात. त्या बोटांना दोन गाड्यांवर दोन धडे देऊ नयेत. आणि पहिला धडा द्यायचा तर भरावावर नको, शाळेच्या कोरड्या मैदानात, पायी चालण्याच्या वेगात, दोन्ही दांड्या एकदम पण हळू दाबायला लावून द्यावा. माझ्या भाचीला मी असाच दिला. तिने पहिल्याच दिवशी सायकल अशी जागच्या जागी थांबवली की मागे कॅरियरवर बसलेला तिचा भाऊ तिच्या पाठीवर येऊन आदळला. त्याने घरी जाऊन सांगितलं की ताईची सायकल बिघडली आहे.

अमेरिकेच्या पोराने ब्रेक पुन्हा उलटे करून घेतले, त्याचे पैसे मात्र मिस्त्र्यांनी घेतले. “चुकीचं काम फुकट करत नसतो मी,” असं ते म्हणाले. पोरगा माळशेजला जाऊन आला आणि सायकल खोक्यात घालून परत गेला.

मिस्त्र्यांच्या डोक्यात मात्र कॉम्बी ब्रेक राहिला. तो मीच घातला होता. आठवड्याभराने त्यांनी गवळ्याची सायकल घेतली आणि दोन्ही वायरी डाव्या मुठीच्या एकाच दांडीला जोडल्या. दोन्ही वायरींचा ताण सारखा येईना, तेव्हा मधे एक छोटी आडवी पट्टी टाकली आणि तिला तीन भोकं पाडली. आम्ही सगळे टपरीवरून उठून बघायला गेलो. गवळी दोन भरलेल्या किटल्यांसकट उतारावरून आला, मोबाइल कानाला लावून, आणि डाव्या हाताची दोन बोटं आवळली. सायकल थांबली, किटल्या थांबल्या, दूध थोडंसं पुढे गेलं. गवळ्याने सांडलेल्या दुधाकडे पाहिलं, मग ब्रेककडे, आणि फोनवर म्हणाला, “थांब जरा, सायकल थांबली.”

उजवीकडची दांडी आता कशालाच जोडलेली नव्हती. ती काढून टाकू का, असं मिस्त्र्यांनी विचारलं.

“ऱ्हाऊ द्या की,” गवळी म्हणाला, आणि तिला त्याने तुपाची बरणी अडकवली.